चष्म्यातला काटा

"अक्का, नीट बस. हनुवटी जरा वर. हं, आता ऐक."

धाकट्या भावाने दिव्याची मान यंत्राच्या तबकडीवर वाकवली, बटण दाबलं, आणि अक्काने त्याच्या चष्म्याकडे पाहिलं. जाडजूड भिंगांचा, बशीएवढा चष्मा. त्यात तबकडी लख्ख उमटली होती आणि तबकडीवर काटा. काटा आधी मधोमध थांबला, मग सरकून तिच्या डाव्या हाताला गेला. अक्काने हात वर केला.

"बरोबर," भाऊ म्हणाला, म्हणजे त्याचे ओठ तसे हलले. त्याने कागदावर खूण केली. पुन्हा काटा मधोमध, आणि मग उजवीकडे. अक्काने हात खाली केला.

"बरोबर. वा."

वा कसली डोंबलाची. अक्काला त्यातलं काहीएक ऐकू आलं नव्हतं. खोलीत म्हणे दोन सूर वाजत होते. आधी एक, मग त्याच्याहून चढा किंवा उतरता दुसरा, आणि दुसरा वर गेला की खाली आला एवढंच तिने हाताने सांगायचं होतं. तिच्या लेखी त्या खोलीत एक दिवा, एक टेबल आणि एक शहाणा एवढाच ऐवज होता.

बारीक आवाज तिला सोडून गेले त्याला काही वर्षं झाली होती. पहिल्यांदा घड्याळाची टिकटिक गेली, मग पाखरं, मग दारावरची घंटा, मग बायकांची बोलणी. पुरुषाचा भरड आवाज जवळून अजून लागायचा, तोही भिंतीपलीकडून आल्यासारखा. बाकीचं ती ओठांवरून उचलायची. आणि जे ओठांवरून उचलता येत नसे, त्यावर तिने स्वतःचा उपाय काढला होता. ती बोलत राहायची. समोरच्याला तोंड उघडू दिलं नाही की त्याचं ऐकण्याचा प्रश्नच येत नाही. गिऱ्हाईक गणवेश न्यायला आलं की पिशवी हातात पडेपर्यंत त्याला दोन शब्द बोलायची उसंत मिळायची नाही. वयाबरोबर अक्का फारच फटकळ झाली, असं गल्ली म्हणायची. गल्लीला दुसरं काम काय होतं?

अक्काच्या घरात पूर्वी एक आत्या होऊन गेली. घर तिच्या शब्दावर हलायचं. तिचे कान गेले तेव्हा लोक आधी तिच्याशी ओरडून बोलायला लागले, मग ओरडायचा कंटाळा आला म्हणून बोलायचे थांबले, आणि मग तिच्यासमोरच तिच्याबद्दल बोलायला लागले. कपाट हलवायचं झालं तर आपण कपाटाला विचारतो का? तसं. एक दिवस किल्ल्या तिच्याकडून दुसरीकडे गेल्या आणि त्या कधी गेल्या हे घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. अक्काच्या आलं होतं. तेव्हा ती लहान होती, पण डोळे उघडे ठेवून असायची. आपलं तसं होऊ द्यायचं नाही, मग जीभ झिजली तरी चालेल, असं तिने ठरवून टाकलं होतं.

भाऊ अभियांत्रिकी कॉलेजात मोजमाप शिकवायचा. मोजमाप शिकवायचं म्हणजे काय करायचं, हे कोडं अक्काला कधी उलगडलं नाही. तिने आयुष्यभर गळ्यात टेप घालून शाळेच्या पोरांचे गणवेश शिवले, त्याच गणवेशांवर ह्याला शिकवला, आणि माप घेण्यासाठी तिला कधी फळा लागला नाही. बरं, नुसतं शिकवून गप्प बसेल तर तो भाऊ कसला. त्याला संशोधनाची खाज, आणि तीही एका जागी नाही. आधी काही वर्षं दाबमापकाचा काटा खोटं का दाखवतो यावर डोकेफोड. मग तारेला किती ताण दिला की व्हायोलिन गळा काढतं यावर. मग पोरांना ओरडून शिकवलं तर जास्त कळतं की गाऊन, यावर. अभियंते म्हणायचे, हा गवई आहे. गवई म्हणायचे, हा फिटर आहे. शिक्षणशास्त्रवाले म्हणायचे, कोण हा? विद्यार्थी त्याला फूटपट्टी म्हणायचे आणि पुढच्या बाकावर झोपायचे. निवृत्ती तोंडावर आली तरी विभागप्रमुखाची खुर्ची त्याला हुलकावणीच देत होती. त्याच्या हाताखाली शिकलेले दोघे त्या खुर्चीत बसून, गरगर फिरून, पुढे निघूनही गेले होते.

मग त्याने तिन्ही वेडं एका पोत्यात भरली. ज्यांनी शाळा धड पाहिली नाही आणि गाणं मुळीच शिकलं नाही, अशा मोठ्या माणसांचा कान सूर ओळखायला कसा शिकतो, हे यंत्र लावून मोजायचं. कॉलेजातला पहारेकरी दोन दिवस आला आणि खुर्चीत घोरला. झाडणारी बाई म्हणाली, "साहेब, ह्या तुमच्या पिपाणीपेक्षा मी अख्खा जिना दोनदा पुसते." चारसहा जण कसेबसे टिकले. अजून एक माणूस हवं होतं.

"अक्का, तू येशील?" त्याने घरी विचारलं.

"अहो, त्यांना कशाला त्रास," भावजय म्हणाली. तिचे ओठ वाचायला फार सोपे होते, हा तिचा एकुलता एक गुण. "वन्संना नाही झेपायचं. लक्ष देऊन ऐकावं लागतं ना तिथे."

आणि ती हसली. अलीकडे तिने मागून हाक मारायला सुरुवात केली होती. सहज म्हणून मारते असं दाखवायची, पण अक्का काय कालची होती?

"न झेपायला काय झालं," अक्का म्हणाली. "रोज तुझं ऐकून घेते. त्याहून अवघड असणारे का ते?"

म्हणून ती गेली.

पहिल्या दिवशी खुर्चीत बसल्यावर तिला दरदरून घाम फुटला होता. भावाने पडदे ओढले, दिवे घालवले, तबकडीवरचा तेवढा ठेवला. तबकडीचं तोंड त्याच्याकडे, पाठ तिच्याकडे. खुर्चीतल्या माणसाला काटा दिसता कामा नये असा नियम होता आणि तो त्यानेच केलेला होता. फक्त नाकावर दोन आरसे चढवून आपण त्या काट्यासमोर बसतो, एवढं त्या विद्वानाच्या ध्यानात आलं नाही. आणि अक्काचे कान गेले होते, डोळे नव्हे. सुईत दोरा ती अजून बिनचष्म्याने ओवायची.

काटा उजवीकडे गेला की वर, डावीकडे आला की खाली, असं तिने धरलं. वाण्याच्या तराजूपासून गाडीच्या वेगापर्यंत सगळं जग तसंच चालतं. भाऊ म्हणाला, चूक. पुन्हा चूक. पुन्हा चूक. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकूण एक चूक. घरी जाताना ती स्वतःवरच चडफडत होती, तेवढ्यात न्हाव्याच्या दुकानातल्या मोठ्या आरशात तिला स्वतःचं ध्यान दिसलं. पिशवी तिच्या उजव्या हातात होती आणि आरशातल्या बाईच्या डाव्या. अक्का रस्त्यात उभी राहून हसली. न्हाव्याला वाटलं, म्हातारी लाजली.

दुसऱ्या दिवसापासून तिची एकही चूक झाली नाही.

खरं तर प्रकरण तिथेच संपायचं. पण शिकलेल्या माणसाला सरळ गोष्ट सरळ दिसेल तर त्याच्या शिक्षणाला अर्थ काय राहिला? ज्याला काहीच कळत नाही तो अंदाजपंचे ठोकूनसुद्धा निम्म्या वेळा बरोबर निघतो. एकूण एक चूक यायलाही काहीतरी कळावं लागतं. भावाने हे बरोबर हेरलं आणि तिथून पुढे तो वाहवत गेला. शाळा आणि संगीत दोन्ही न शिवलेल्या कानाला सूर आधी उलटे लागतात आणि मग एका क्षणी सुलटे होतात, असा त्याने सिद्धान्त मांडला. त्याला 'स्वरउलट' असं नावही ठेवलं. बारसंच उरलं होतं.

लेख छापून आला. कुठल्याशा दूरच्या विद्यापीठातल्या माणसाने ह्याला फोन केला. ज्या प्राचार्यांनी इतकी वर्षं ह्याच्या नमस्काराला नुसती मान हलवली, ते जिन्यात थांबून खांद्यावर हात ठेवून बोलायला लागले. भाऊ घरी जेवताना गुणगुणतो, असं भावजयीने सांगितलं. अक्काला ते कळायचा मार्ग नव्हता, पण त्याचा चेहरा तिला दिसत होता. लहानपणी नवा सदरा अंगात घातला की तो असाच दिसायचा.

"सगळं तुझ्यामुळे, अक्का," तो म्हणाला.

"माझ्यामुळेच. माझ्यामुळे नाहीतर काय तुझ्या डोक्यामुळे?" ती म्हणाली, आणि तोंड फिरवून मशीनवर बसली.

त्यानंतर बाहेरच्या विद्यापीठातली तीन माणसं तपासणीला येणार असं ठरलं. कागद पाहून त्यांचं समाधान झालं नव्हतं. प्रयोग डोळ्यांनी बघायचा होता. पसंत पडला तर खुर्ची भावाची.

"त्या माकडांसमोर मी कशाला बसू?" अक्काने विचारलं. "दुसरं कुणी बसव की."

"तुलाच बघायला येतायत. तुझा आलेख सगळ्यात वेगळा आहे. नेहमीसारखीच बस, घाबरू नकोस."

"घाबरतेय माझी जुती," अक्का म्हणाली. चष्मा त्याच्या नाकावर होताच. घाबरण्यासारखं काही नव्हतं.

तपासणीच्या दिवशी भाऊ सकाळीच निघून गेला. अक्का मागाहून पोचली. पाहुणे प्राचार्यांबरोबर येऊन बसले होते. एक भरघोस मिशीवाला होता, त्याचे ओठ मिशीच्या आत कुठेतरी राहायला असावेत. एक तरुण होता, तो मांडीवरच्या मोबाइलकडे बघून मान हलवत होता. तिसरी बाई होती, किडकिडीत, सरळ पाठीची, शब्द चावून बोलणारी. हिचं वाचता येईल, अक्काने मनात नोंद केली. दाराशी भावजय नटूनथटून उभी होती.

"ह्यांचा नवा चष्मा पाहिलात का, वन्सं?" ती म्हणाली. "मीच करून घ्यायला लावला. येताना घेऊन आले. फोटोत मेला तो जुना नुसता चकाकायचा. ही काच चकाकतच नाही, असून नसल्यासारखी."

अक्काने वळून भावाकडे पाहिलं. बारीक काडीचा, हलका, दिसायला छान चष्मा होता.

पडदे ओढले गेले. दिवे गेले. तबकडीवरचा दिवा तेवढा उरला. अक्का खुर्चीत बसली आणि समोर बघायला लागली. तबकडी नव्हती. काटा नव्हता. दोन स्वच्छ काचांमागे भावाचे डोळे होते. इतके महिने ती त्याच्या तोंडासमोर बसली होती, पण हे डोळे तिने पाहिलेच नव्हते. खालच्या पापण्या सुजलेल्या, कडा लाल. म्हातारा झाला की हा, तिच्या मनात आलं. कधी झाला?

त्याने बटण दाबलं. आता सूर वाजले असणार. सगळे तिच्या हाताकडे बघत होते. तिने हात वर केला. भावाच्या भुवया जवळ आल्या. त्याने पुन्हा बटण दाबलं. तिने पुन्हा हात वर केला, मग खाली, मग पुन्हा वर. मिशी हलली. मोबाइलवाल्याने पहिल्यांदाच मान वर केली. दाराशी भावजयीचं तोंड उघडं राहिलं होतं.

अक्काने मान जरा तिरकी केली. मग दुसरीकडे. कुठून तरी काच चमकेल, कडेला तरी काटा दिसेल म्हणून ती त्या काचा शोधत राहिली. भाऊ तिच्याकडे बघत होता. तिची नजर आपल्या डोळ्यांत नाही, डोळ्यांच्या अलीकडे बोटभर कुठेतरी अडखळतेय, हे त्याला दिसलं. त्याने हळूच चष्मा काढला. हातात धरून तबकडीसमोर नेला, दिव्याकडे तिरका केला, पुन्हा सरळ केला. टेबलाच्या खणात जुना चष्मा पडला होता. तो काढून त्याच जागी धरला. आणि तसाच थांबला.

खोट्या काट्यांमागे आयुष्य घालवलेला माणूस तो. त्याला कळायला वेळ लागला नाही.

किडकिडीत बाई पुढे वाकली. एकेक शब्द तिने नीट उच्चारला, अक्काला प्रत्येक दिसला.

"सर, काटा तुमच्या चष्म्यात दिसत होता?"

भावाने होकाराची मान हलवली.

"मग ह्यांनी ऐकून उत्तरं दिलीच नाहीत. ह्यांना ऐकू येतं ना? नसेल येत, तर तसं सांगा. ह्या एकट्यांना वगळा. बाकीच्या माणसांचे आकडे साधे आहेत, पण खरे असतील. तेवढ्यावर काम टिकेल. आम्ही तसं लिहू."

बाई चांगली होती. खुर्ची तिने टेबलावर आणून ठेवली होती. फक्त ऐकू येत नाही एवढं म्हणायचं होतं. भावाने म्हटलं असतं तरी चाललं असतं, अक्काने म्हटलं असतं तरी.

अक्काने तोंड उघडलं. ज्या तोंडाला आजवर कुणी अडवू शकलं नव्हतं ते तिने उघडलं, आणि समोर दाराशी भावजय दिसली. भावजय ओरडणार नव्हती, तेवढी ती वाईट नव्हती. ती गोड बोलणार होती, मोठ्याने, सावकाश, पाहुण्यांसमोर. मग गिऱ्हाइकांसमोर. मग बोलायची थांबणार होती. अक्काने तोंड मिटलं.

"ऐकू येतं," भाऊ म्हणाला. तो बाईकडे नाही, अक्काकडे बघून म्हणाला, म्हणून तिला कळलं. "तिला चांगलं ऐकू येतं. मांडणी माझी चुकली. समोर काटा दिसत असताना कान कोण वापरेल? सगळ्यांनीच तेच केलं असणार. कुणाचेच आकडे धरता येणार नाहीत."

"सगळे?" बाईने विचारलं.

"सगळे."

मिशीवाला बराच वेळ काहीतरी बोलला. काय ते मिशीलाच ठाऊक. मोबाइलवाल्याने मोबाइल खिशात घातला. खुर्च्या सरकल्या. प्राचार्य पाहुण्यांना घेऊन चहाला गेले, जाताना भावाच्या अंगावरून असे गेले की वाटेत खांब असावा. भावजय त्यांच्या मागोमाग गेली, निदान चहा तरी नीट मिळावा म्हणून असेल, किंवा इथे थांबवेना म्हणून.

खोलीत दोघंच उरली. भावाने पडदे उघडले आणि तो वायरी सोडवायला लागला. अक्का खुर्चीतच होती.

"मूर्ख आहेस," ती म्हणाली.

तो हातातलं टाकून तिच्यासमोर आला. उजेडाकडे तोंड करून जरासा वाकला आणि सावकाश, ओठ नीट उघडून म्हणाला, "काय म्हणालीस?"

अक्का खुर्चीत मागे सरली.

"समोर येऊन तोंड काय वेंगाडतोस?" ती म्हणाली. "तिकडे तुझं काम करता करता बोल. ऐकू येतं मला. आत्ताच सांगितलंस ना त्या लोकांना?"

तो सरळ झाला, टेबलाकडे गेला आणि तिच्याकडे पाठ करून पुन्हा वायरी सोडवू लागला.

आणि बोलायला लागला. त्याचे खांदे हलत होते त्यावरून तिला कळलं. मानेवरचे केस पांढरे झाले होते, कॉलरची टीप एका बाजूला उसवली होती. मध्ये एकदा हात थांबला, मान खाली गेली, मग पुन्हा वर आली. एरवी हा इतकं बोलणारा नव्हता. घरात बोलायला अक्का होती. खांदे थांबले की ती "हं" म्हणायची. पुन्हा हलायला लागले की गप्प बसायची. एकदा तिचं हं चुकीच्या जागी पडलं. त्याचे खांदे थबकले. मग त्याने पुढे सुरू केलं.

बऱ्याच वेळाने तो थांबला. वळला नाही. वायर हातात धरून तसाच उभा राहिला, विचारलेल्या गोष्टीचं उत्तर यायचं असावं तसा.

"बरं," अक्का म्हणाली.

मग ती उठली, जमिनीवर पडलेलं वायरीचं दुसरं टोक तिने उचललं, आणि पंजा आणि कोपर यांच्यामधून ती वायर गुंडाळत गुंडाळत त्याच्या पाठीकडे चालायला लागली.